पेटीचं नाक

शूटिंगवाल्यांनी सामानाची पेटी घ्यायचं ठरवलं, तिथवर सगळं ठीक होतं. ती नीट विचार करून घ्यायची असं ठरवलं आणि तिथेच माशी शिंकली. माणसाने विचार करू नये असं नाही. पण ह्या गृहस्थांचा विचार एकदा सुरू झाला की घरातल्या इतर माणसांना जेवायखायचीसुद्धा चोरी होते.

शूटिंगवाले हे त्यांचं आडनाव नव्हे. ते कॉलनीने ठेवलेलं नाव. ते कॅमेरा चालवायचे आणि त्यांची बायको आवाज टिपायची. माइक, हेडफोन, रेकॉर्डर हा सगळा तिचा प्रांत. दोघं मिळून लोकांचे समारंभ, सभा, कारखान्यांच्या फिल्मा असं मिळेल ते काम करायची. आवाज नसेल तर ह्यांच्या चित्राला कुत्रं विचारणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं. पण नाव मात्र शूटिंगवाले. बायकोने ते कधी मनाला लावून घेतलं नाही. निदान बोलून तरी दाखवलं नाही.

तर पेटी. बायकोच्या वडिलांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टर सरळ म्हणाले होते, "जीव वाचेल, आवाज जाईल." स्वरयंत्रच काढायचं म्हटल्यावर दुसरं काय होणार! मात्र दवाखान्यातल्या एका बाईंनी एक तोड सांगितली. रोजची लागणारी वाक्यं आधीच त्यांच्या आवाजात टिपून ठेवा, नंतर ती फोनमध्ये घालता येतात. बटण दाबलं की ह्यांचाच आवाज येईल, "पाणी द्या."

सासरेबुवा म्हणजे साधी असामी नव्हती. त्यांचा जन्म बसस्थानकावर घोषणा करण्यात गेलेला. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली आहे हे त्यांनी सांगितलं की झोपलेला माणूस उठून बरोबर त्याच गाडीत बसायचा. असा आवाज जाणार म्हणून बायको आतून हलली होती. जगभरच्या लोकांची भाषणं तिने टिपली, आणि बापाचं एकही वाक्य तिच्याकडे नव्हतं. "फोनवर नाही टिपायचं," ती म्हणाली. "फोनवर आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. बाबांचा आवाज मला डब्यातून ऐकायचा नाहीये. माझा चांगला माइक घेऊन जायचा."

माहेर घाटाखाली, समुद्राकाठी. ही दोघं राहायची वर डोंगरावर. रस्ता उखडलेला, सामान बसच्या टपावर. जुन्या बॅगेची चेन कधीच मेली होती आणि पट्टा बुटाच्या नाडीने बांधलेला होता. मागच्या खेपेला माइक बाहेर काढला तेव्हा त्यातून वाळू पडली. शिवाय बॅग वाहून वाहून बायकोचा खांदा कामातून गेला होता. तेव्हा भक्कम, चाकांची, धूळपाणी आत न जाऊ देणारी पेटी हवी, ह्यावर घरात एकमत झालं. त्या घरात एकमत झालेली ती बहुधा शेवटचीच गोष्ट.

दुकानदार हौशी होता. त्याने पेटी जमिनीवर ठेवली, स्वतः तिच्यावर उभा राहिला आणि उड्या मारायला लागला.

"हिच्यावरून ट्रक गेला तरी आतल्या काचेला तडा जाणार नाही, साहेब."

"ट्रक कशाला जाईल?" बायकोने विचारलं.

"समजा गेला."

"समजा नाही गेला. मग ही उचलायची कशी? रिकामीच एवढी जड आहे."

"उचलायची कशाला ताई? चाकं आहेत ना!"

"आमच्या जिन्यावर चाकांचा काय उपयोग?"

ह्यावर दुकानदाराने शूटिंगवाल्यांकडे पुरुषाने पुरुषाकडे बघावं तसं बघितलं, आणि शूटिंगवाले विरघळले. त्यांनी कड्या उघडून बघितल्या, लावून बघितल्या. झाकणाच्या कडेने फिरलेली रबरी पट्टी बोटाने दाबून बघितली. दुकानदार दांड्याखालच्या एका बारीक छिद्राकडे बोट दाखवून म्हणत होता, "आणि साहेब, हे जे आहे ना, हे कधीही..." पण तेवढ्यात खात्री करून घ्यायला बायको स्वतःच पेटीवर उभी राहून उड्या मारायला लागली, आणि लग्नाच्या बायकोला दुकानात उड्या मारताना बघणं हा प्रसंग असा असतो की माणसाचं दुसरीकडे लक्ष लागत नाही. वाक्य अर्धंच राहिलं. पेटी घरी आली.

घरी म्हणजे आधी कॉलनीत आली. चाकांचा फरशीवरून असा खडखडाट झाला की गॅलऱ्या भरल्या. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "ह्यापेक्षा दोन गोधड्यांत गुंडाळून नेलं असतं तरी चाललं असतं." आणि शेजारचे धरणवाले काका खाली उतरले. हे काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. उभ्या आयुष्यात त्यांनी एकच शत्रू मानला, गळती. नळ, छप्पर, सरकारी तिजोरी, कुठलीही गळती असो, काकांना ती झोपेत दिसायची. त्यांनी पेटीभोवती चक्कर मारली आणि विचारलं, "पाण्याची चाचणी झाली?"

"दुकानदार म्हणाला पाणी जात नाही."

"कंत्राटदारही असंच म्हणतो," काका म्हणाले.

झालं. कॉलनीच्या धुण्याच्या हौदात पेटी बुडवायची ठरली. तिथे सेक्रेटरी आडवे आले. हौद कपडे धुण्यासाठी आहे, पेटी बुडवणे हा वापर नियमात बसत नाही, कमिटीच्या पुढच्या सभेत विषय मांडा. पुढची सभा ऑपरेशननंतर होती. शूटिंगवाले नियमाच्या बाजूने बोलावं की विरुद्ध, ह्या विवंचनेत उभे असताना बायको वर गेली, साबणाची वडी घेऊन खाली आली आणि म्हणाली, "मी पेटी धुवायला आणलीये. धुणं नियमात बसतं ना?" सेक्रेटरींनी थोडा वेळ विचार केला आणि ते चाचणी बघायला पुढे येऊन उभे राहिले.

पेटी बुडेना. कशी बुडेल, आत हवा! मग काका तिच्यावर बसले. सेक्रेटरीही बसले. आणि त्या दांड्याखालच्या छिद्रातून बुडबुडे आले. बारीक, एकामागून एक.

"गळती!" काका ओरडले. निवृत्तीनंतर एवढा आनंद त्यांना प्रथमच झाला असावा.

पेटी बाहेर काढून उघडली. आत टिपूस नव्हता. बायको म्हणाली, "कोरडीच आहे की. मग कशाला हात लावताय?"

"आज कोरडी आहे," काका गंभीरपणे म्हणाले. "फुटायच्या आदल्या दिवशी प्रत्येक धरणाची भिंत कोरडीच असते."

हे वाक्य शूटिंगवाल्यांच्या काळजात घुसलं. ऐकावे जनाचे, करावे मनाचे असं म्हणतात. पण शूटिंगवाल्यांना मनाचं असं फारसं काही सुचत नसे, म्हणून ते दोन्ही जनाचंच करत. नळाची गळती बुजवायचा, दोन गोळे एकत्र मळून लावायचा तो मसाला असतो ना, वाळला की दगड होतो तो, तो त्यांनी आणला. बायकोची पाठ वळताच काकांच्या देखरेखीखाली छिद्रात ठासून भरला. वरून अंगठ्याने गुळगुळीत केला. मागे सरकून बघितला. आपण काहीतरी टिकाऊ केलं असं समाधान त्यांना बऱ्याच वर्षांनी मिळालं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी डोंगरावरच सामान भरलं, कड्या लावल्या आणि दोघं बसने निघाली. सासऱ्यांना दुपारनंतर दवाखान्यात भरती व्हायचं होतं. हातात होती ती तेवढीच दुपार.

घाट संपला आणि तपासणी नाक्यावर बस थांबवली. टपावरच्या काळ्या पेटीकडे बघून शिपाई म्हणाला, "ह्यात काय आहे?"

"कॅमेरा, माइक."

"उघडा."

शूटिंगवाल्यांनी पेटी खाली उतरवली, कड्या उघडल्या आणि झाकण उचललं. म्हणजे उचलायला गेले. झाकण हललं नाही. त्यांनी जोर लावला. मग कंडक्टरने लावला. शिपायाला वाटलं हा बनाव आहे, म्हणून त्याने लावला आणि मनगट चोळत साहेबांना बोलावलं. साहेब आले. साहेबांनी बाह्या सरसावल्या तेव्हा अख्खी बस खाली उतरली होती, आणि खाली उतरलेला माणूस सल्ला दिल्यावाचून वर चढत नाही. एक म्हणाला आपटा, एक म्हणाला तेल सोडा, एका आजीबाईंनी पेटीला जरा प्रेमाने घ्या असं सुचवलं.

"चावी लपवलीत?" साहेबांनी विचारलं.

"चावी नाहीच हो. नुसतं उघडतं."

"नुसतं उघडतं ते मला दिसतंच आहे. पेटी उघडत नाही असं लेखी द्या."

शूटिंगवाल्यांनी भर उन्हात बसच्या पत्र्यावर कागद ठेवून लिहिलं, की माझ्या मालकीची पेटी मला उघडता येत नाही. खाली सही केली. सही करताना त्यांना आपल्या आयुष्याचा आढावा घेतल्यासारखं वाटलं. साहेबांनी तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "जी मालकालाच उघडत नाही, ती घेऊन कोण पळणार आहे? जाऊ द्या ह्यांना."

उरलेल्या वाटेत बायको खिडकीबाहेर बघत राहिली. ती रागावली असती तर शूटिंगवाल्यांना चाललं असतं, रागाची त्यांना सवय होती. पण ती घाबरली होती.

माहेरी पोचले तेव्हा सासरेबुवा इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत तयार बसले होते. आवाज बसला होता, खरखरत होता, पण अजून होता. "या जावईबापू," ते म्हणाले. जावईबापू हा शब्द ते असा उच्चारायचे की गाडी उशिरा आल्याची घोषणा वाटावी. "कुठाय माइक?"

"ह्यात आहे," बायको म्हणाली.

मग सुरू झाला तो सोहळा. शूटिंगवाले एका बाजूने, बायको दुसऱ्या बाजूने. स्क्रूड्रायव्हर घातला, तो वाकला. उलथनं घातलं, तेही वाकलं, आणि सासूबाईंनी "अगं बाई, माझं चांगलं उलथनं!" म्हणून ते हिसकावून घेतलं. सासरेबुवांनी खुर्चीतून सूचना द्यायला सुरुवात केली. "डावीकडून! डावीकडून हो, जावईबापू! पाय लावा!" शूटिंगवाल्यांनी पाय लावला आणि झाकण धरून मागे ओढलं. हात सुटला आणि ते मागच्या दिवाणावर उताणे पडले. पेटी जागची हलली नाही. भक्कम होती यात वादच नव्हता. दुकानदार खोटं बोलला नव्हता.

"फोनवरच टिपू या का?" शूटिंगवाले उताणेच म्हणाले.

बायको भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

तेवढ्यात सासूबाई उलथनं सरळ करता करता म्हणाल्या, "बरणीसारखं झालंय हे. गरम गरम भरून झाकण लावलं आणि नंतर गार झालं की घट्ट बसतं ना, तसं. वरची हवा तुम्ही आत कोंडून आणलीत. ती विरळ, इथली दाट. बाहेरची हवा दाबून बसलीये झाकणावर. आत हवा जायला ह्याला कुठे वाट नाही का ठेवलेली?"

शूटिंगवाले दिवाणावर उठून बसले.

"होती," शूटिंगवाले म्हणाले.

बायको भिंतीकडून वळली. "होती म्हणजे?"

"म्हणजे... छिद्र होतं ना ते. हवेचंच असणार. हवा जाईल, पाणी जाणार नाही असलं."

"मग?"

"बुजवलं."

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. इथे नाक बुजवल्यामुळेच तोंड उघडत नव्हतं. सासरेबुवा क्षणभर जावयाकडे बघत राहिले. मग त्यांच्या पोटातून कुठूनतरी खोल घरघर सुरू झाली, खांदे हलायला लागले, आणि ते हसले. काय हसले! खुर्ची हलली, डोळ्यांतून पाणी आलं. आजार कळल्यापासून त्या घरात कोणी असं हसलं नव्हतं. सासूबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. शूटिंगवाल्यांचे कान लाल झाले. जावई म्हणून जी काही चार पैशांची अब्रू त्यांनी इतक्या वर्षांत जमवली होती, ती दिवाणावरून घरंगळत चालली होती.

फक्त बायको हसली नाही. ती बापाकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून शूटिंगवाल्यांना कळलं की तिला काय झालंय. असं हसणं, आणि माइक पेटीत.

सासूबाईंनी विणकामाची लोखंडी सुई गॅसवर लाल केली. शूटिंगवाल्यांनी ती फडक्यात धरून मसाला कोरला. बराच वेळ कोरला, कारण लावताना अंगठ्याने प्रेमाने दाबला होता. शेवटी सुस्स आवाज करत पेटीने श्वास घेतला आणि झाकण आपोआप सैल झालं. आत सगळं जिथल्या तिथे, एक कण धूळ नव्हती.

मग काम भराभर झालं. कॅमेरा लागला, माइक लागला, बायकोने हेडफोन चढवले. सासरेबुवांनी ताठ बसून वाक्यं सांगितली. "हो." "नको." "पाणी द्या." "टीव्ही लहान करा." "मी ठीक आहे." आवाज खरखरत होता, पण प्रत्येक शब्द खणखणीत, शेवटचं अक्षरसुद्धा न गिळता. पुन्हा घ्यावं लागलं नाही.

"आता हसा बाबा," बायको म्हणाली.

"हसू?"

"मघाशी हसलात तसं. तेही मला हवंय."

सासरेबुवांनी घसा साफ केला. "ह. ह. ह." हजेरी दिल्यासारखं.

"तसं नाही हो बाबा."

"अगं, मघाशी हसायला कारण होतं. आता काय, फलाटावर गाडी लागली म्हणून हसू?"

त्यांनी आणखी दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी त्यांना खोकला आला आणि सासूबाईंनी पाणी दिलं. बायकोने हेडफोन कानांवर घट्ट दाबून धरले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिला हात मोकळा नव्हता. "असू दे," ती म्हणाली. "राहू दे. एवढं मिळालं तेही पुष्कळ आहे."

दवाखान्यात निघायची वेळ झाली होती. शूटिंगवाले कॅमेऱ्यामागे उभे होते. ती त्यांची हक्काची जागा, तिथे माणूस कोणाला दिसत नाही. त्यांनी कॅमेरा तसाच चालू ठेवला, पुढे आले आणि सासऱ्यांच्या पायाशी जमिनीवर बसले.

"बाबा," ते म्हणाले, "भोक बुजवलं एवढंच तुम्हाला माहीत आहे. मागचंपुढचं मी सांगितलेलं नाही. त्यातलं शेवटचं तर हिलासुद्धा नाही."

"आणखी पुढे आहे?" सासरेबुवा म्हणाले.

शूटिंगवाल्यांनी सगळं सांगितलं. हौद सांगितला, साबण सांगितला, पेटीवर बसलेले सेक्रेटरी आणि धरणवाले काका सांगितले. मसाला अंगठ्याने कसा गुळगुळीत केला ते करून दाखवलं. नाक्यावरच्या कागदावर काय लिहून दिलं ते शब्दाशब्दाने म्हटलं. सासरेबुवांचे खांदे हलायला लागले होते, पण अजून दाबून धरत होते. बायको हात वर करून खुणावत होती, बोला, बोला.

"आणि," शूटिंगवाले म्हणाले, आणि इथे ते खरोखरच थांबले, कारण हे तोंडातून काढणं सोपं नव्हतं, "भोक बुजवलं त्याच दिवशी मी दुकानदाराला फोन केला, त्याला बोलूच दिलं नाही. म्हटलं, तुमच्या सगळ्या पेट्यांना एक भोक राहून गेलंय. माझं मी बुजवलंय. पण बाकीच्या गिऱ्हाइकांचं काय? तुम्ही कारखान्याला कळवा!"

सासरेबुवा फुटले. मघासारखे नाही, मघापेक्षा जास्त. हसता हसता त्यांनी जावयाच्या खांद्यावर थाप मारली, मग तोच खांदा धरून ठेवला, पुन्हा हसले, दम खाल्ला, "कारखान्याला!" म्हणाले आणि पुन्हा हसले. माइकवर सगळं उतरत होतं. हेडफोन लावलेली बायको रडत होती आणि हसत होती, आणि शूटिंगवाल्यांना अब्रूचं काही वाटेनासं झालं होतं.

ऑपरेशन नीट झालं. आवाज डॉक्टर म्हणाले होते तसा गेला.

काही आठवड्यांनी दोघं पुन्हा खाली गेली तेव्हा सासरेबुवा गळ्याला पांढरा रुमाल बांधून, छातीवर फोन ठेवून बसले होते. भेटायला आलेल्या शेजाऱ्याने कसलासा विनोद केला. सासरेबुवांचे खांदे हलले, त्यांनी बटण दाबलं, आणि फोनमधून शूटिंगवाल्यांचा आवाज मोठ्याने म्हणाला, "कारखान्याला कळवा!" आणि त्या शब्दांवरूनच ते सबंध, घरभर हसणं आलं. शेजारी चक्रावून शूटिंगवाल्यांकडे बघायला लागला.

"प्रत्येक वेळी असंच वाजतं," सासूबाई म्हणाल्या. "दवाखान्यातल्या नर्सनासुद्धा तुमची अख्खी गोष्ट सांगावी लागली मला."

बायको ओशाळली. "ह्यांचं वाक्य संपायच्या आधीच बाबा हसले ना, त्यामुळे दोन्ही आवाज एकमेकांत अडकलेत. मी नीट बसले तर सोडवता येतील. अहो, काढून टाकू का तुमचा आवाज?"

शूटिंगवाले अवघडून म्हणाले, "बघ, जमलं तर. लोकांपुढे जरा कसंतरीच वाटतं."

सासरेबुवांनी फोन उचलून छातीशी धरला, डोळे वटारून आधी लेकीकडे आणि मग जावयाकडे बघितलं, आणि बटण दाबलं.

"नको," फोन खणखणीत आवाजात म्हणाला.

त्यांनी तेच बटण आणखी एकदा दाबलं. मग बाजूला सरकून त्यांनी शूटिंगवाल्यांना आपल्याशेजारी बसायला जागा करून दिली.